सुपरकारची देखभाल-धुलाई : पीपीएफ, सिरॅमिक आणि पुण्याचं पाणी

बाणेरचं_बेसमेंट

गाडी : लँबोर्गिनी हुराकान इव्हो, पिवळा मोतिया रंग. पूर्ण बॉडीला ग्लॉस पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म), त्यावर सिरॅमिक (पाणी झटकणारं कोटिंग). ब्रेक कार्बन-सिरॅमिक, आत बऱ्यापैकी आल्कांतारा (मखमली स्पर्शाचं कृत्रिम कापड).
पार्किंग : सोसायटीचं दुसरं बेसमेंट. महिन्याला फार तर ३००-४०० किमी.
पाणी : बेसमेंटच्या नळाला बोअर आणि टँकर यांचं मिश्रण.

दर दोन-तीन महिन्यांनी व्यवस्थित मेंटेनन्स डिटेलिंग करायचं आहे. पॉलिशिंग वगैरे मोठं काम नको. कामाचा क्रम काय असावा, कोणत्या गोष्टी करूच देऊ नयेत आणि दुकानात गाडी दिली तर कुठे उभं राहून बघावं, एवढं सांगा. 'सिरॅमिक केलंय, आता नुसतं पाणी मारा' हे ऐकून झालंय.

---

मायक्रॉन

बाणेरकर, सुपरकारवरचे बहुतेक बारीक ओरखडे धुताना पडतात, रस्त्यावर नाही. त्यामुळे गाडीला हात कमीत कमी वेळा कसा लागेल, हाच हिशोब धरायचा. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

सुरुवात कोरड्या गाडीवर. चांगल्या टॉर्चने, एकदा पांढऱ्या आणि एकदा पिवळसर उजेडात, पूर्ण गाडी बघा आणि फोटो काढा. पीपीएफच्या कडा कुठे उचलल्या आहेत का, कडेला मळाची काळी रेघ आहे का, पुढच्या बंपरवर खडी लागून फिल्म फाटली आहे का, हे धुण्याआधी कळायला हवं. फाटलेल्या जागी जेट मारलात तर पाणी फिल्मखाली जाऊन पुढची वीतभर फिल्म उठते.

जाडी मोजायचं मीटर असेल तर ते नॉन-फेरस धातूवर चालणारं हवं, कारण बॉडीत ॲल्युमिनियम आहे. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन असतो आणि पीपीएफ १५० ते २०० च्या आसपास, म्हणजे फिल्म असलेल्या पॅनेलवर २५०-३०० च्या घरात आकडा यायला हवा. 'फुल बॉडी' सांगून घेतलेल्या गाडीच्या एखाद्या पॅनेलवर ११० दिसला, तर तिथे फिल्म नाही एवढं समजा. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे हे मीटर आकडा देत नाही. ते बिघडलंय असं समजून बदलून आणू नका.

गाडी पूर्ण गार होऊ द्या. इंजिन मागे-मध्ये असल्यामुळे मागचं झाकण आणि दोन्ही बाजूंचे पत्रे तासभर तापलेले राहतात. हाताची मागची बाजू टेकवून बघा. कोमट लागलं तरी थांबा, कारण गरम पत्र्यावर फोम मिनिटभरात वाळतो आणि वाळलेला फोम स्वतःच डाग पाडतो.

क्रम :

आधी चाकं. त्यांची बादली वेगळी, हातमोजा वेगळा, फडकी वेगळी, आणि ती पुन्हा कधीही बॉडीवर जाणार नाहीत. शक्यतो रंगच वेगळा ठेवा, म्हणजे दुकानात काम करणाऱ्या मुलांच्या हातून चूक होत नाही.

मग फोम. लान्सच्या (जेटला जोडायच्या फोम-गनच्या) १ लिटरच्या बाटलीत १०० मिली न्यूट्रल पीएचचा फोम, बाकी पाणी. खालून वर मारायचा आणि ४-५ मिनिटं ठेवायचा. वाळू द्यायचा नाही. मग वरून खाली धुवायचा. जेटचं नोझल ४० अंशांचं, दाब ८०-१०० बारपर्यंत, फिल्मच्या कडांपासून किमान दीड-दोन फूट लांब, आणि धार कडेच्या आत नाही, कडेवरून बाहेर जाईल अशी.

मग दोन बादल्या, दोन्हींत तळाला जाळी. एकीत १० लिटर पाण्याला २० मिली शाम्पू (बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं), दुसरी नुसत्या पाण्याची. वरच्या भागाला एक हातमोजा, दारांच्या मध्यरेषेखाली दुसरा. हात सरळ रेषेत, वारा जसा गाडीवरून जातो तसा. गोल गोल नाही. मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण सायलेन्सरची काजळी आणि मागे घुसळलेली धूळ तिथेच बसते.

वाळवताना आधी ब्लोअर : आरसे, लोगो, पेट्रोलचं झाकण, इंजिनवरच्या झाकणाच्या पट्ट्या, चाकांचे बोल्ट. पाणी लपायच्या जागा ह्याच. नंतर १००० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे जाडजूड) वरचा मोठा टॉवेल पसरून नुसता उचलायचा. घासायचं नाही.

---

कोथरूडची_खडी

+१. एक भर. इंजिनवरच्या झाकणातून आणि मागच्या जाळ्यांतून जेट थेट आत मारू देऊ नका. पाऊस पडेल असं गृहीत धरूनच गाडी बनवलेली असते, पण पाऊस आणि १०० बारची धार यांत फरक आहे. कनेक्टरमध्ये गेलेलं पाणी त्या दिवशी काही करत नाही, तीन आठवड्यांनी सेन्सरचा दिवा लावतं. इंजिन बे साफ करायचा तर १:१० ऑल-पर्पज क्लीनर ब्रशवर घ्या, ओल्या फडक्याने पुसा, ब्लोअर फिरवा. बस.

---

टीडीएस_मीटर

अजून पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. बाणेर, वाकड, पिंपळे सौदागर, वाघोली या भागांत गाड्यांचा खरा शत्रू धूळ नाही, नळ आहे.

खडकवासल्याचं धरणाचं पाणी तुलनेने मऊ. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. टँकरमध्ये काय येईल ते टँकरवालाच जाणे. एक स्वस्त टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार सांगणारं) घ्या आणि दर वेळी मोजा. आज १५० आणि पुढच्या आठवड्यात ६०० असं सहज होतं.

आता हिशोब करा. टीडीएस ३०० असेल तर १ लिटर पाण्यात ३०० मिलीग्रॅम क्षार. शेवटच्या धुलाईनंतर गाडीवर २०० मिली पाणी राहिलं आणि वाळलं, तर ६० मिलीग्रॅम पांढरी पूड थेंबाथेंबाच्या आकारात चिकटली. सिरॅमिक असेल तर आणखी वाईट, कारण थेंब पसरत नाही, गोल उभा राहतो आणि सगळा क्षार एका टिकलीत जमा करतो. म्हणून 'पाणी मारा आणि उन्हात सोडा' हा सल्ला सिरॅमिकवाल्या गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त घातक.

सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय म्हणून निवांत होऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, एकूण क्षार तेवढेच राहतात. डाग पडतात, फक्त सहज धुतले जातात. डाग पडूच नयेत असं वाटत असेल तर डीआय (डीआयोनाइज्ड) पाणी, म्हणजे मिक्स्ड-बेड रेझिनमधून काढून क्षारमुक्त केलेलं. मीटरवर ० ते १० यायला हवं. १० लिटर रेझिनमधून ३०० टीडीएसचं साधारण ८००-९०० लिटर पाणी निघतं. पूर्ण गाडी त्याने धुवायची गरज नाही. शेवटच्या पाण्याला १५-२० लिटर पुरतात, म्हणजे एका भरणीत चाळीसेक धुलाया. मीटर १५-२० च्या वर चढू लागलं की रेझिन बदला. संपत आल्यावर ते हळूहळू नाही, झपाट्याने पडतं.

हे जमत नसेल तर घरच्या आरओचं पाणी दोन कॅन भरून घ्या. ५०-८० टीडीएस असतं, तेही बोअरपेक्षा पुष्कळ बरं.

शेवटचं पाणी जेटने मारायचं नाही. पाइपचं नोझल काढा आणि छतावरून मंद धार सोडा. पाणी चादरीसारखं घसरतं आणि जाताना बाकीचे थेंब सोबत नेतं. निम्मं वाळवण तिथेच होतं.

---

बाणेरचं_बेसमेंट

हे उपयोगाचं आहे. आज मोजलं, ५२० आलं. बॉनेटवर आधीच टिकल्या आहेत, शाम्पूने जात नाहीत. आणि आणखी एक : आमच्या बेसमेंटमध्ये सोसायटीच्या नियमानुसार पाइप लावून धुता येत नाही. मग काय?

---

टीडीएस_मीटर

टिकल्यांसाठी आधी नखाने बघा. नख अडतंय म्हणजे क्षार वर बसलाय. नख घसरतंय पण खळगा दिसतोय म्हणजे खाली खाल्लंय. पहिला प्रकार आम्लाने जातो : तयार वॉटर-स्पॉट रिमूव्हर, किंवा साधं पांढरं व्हिनेगर आणि डीआय पाणी समसमान. फडक्यावर घ्या, एका वेळी दोन फुटांचा तुकडा, १-२ मिनिटं टेकवून ठेवा, घासू नका, धुवा. गरज पडली तर पुन्हा. उघड्या ॲल्युमिनियमला, ॲनोडाइज्ड पट्ट्यांना आणि ब्रेकला लावायचं नाही. दुसरा प्रकार फिल्मवर असेल तर कोमट पाण्याने किंवा दुपारच्या उन्हाने थोडा भरून येतो. फिल्म नसलेल्या रंगावर असेल तर पॉलिशशिवाय इलाज नाही.

---

रिन्सलेसवाली

पाइप चालत नसेल तर रिन्सलेस, म्हणजे शेवटी पाणी न मारायची धुलाई. आपल्याकडे अजून लोक त्याला 'ओल्या फडक्याने पुसणं' समजतात. तसं नाहीये.

बहुतेक रिन्सलेस द्रव १:२५६ ला असतात, म्हणजे १० लिटर पाण्याला ४० मिली. हे पाणीही डीआय किंवा आरओचंच घ्या, कारण यात शेवटी धुणं नाही. पंपाच्या बाटलीत तेच मिश्रण भरून पॅनेल पूर्ण ओलं करा आणि दोन मिनिटं थांबा. त्या वेळात पॉलिमर धुळीच्या कणांभोवती बसतो. हे थांबणं गाळलंत तर रिन्सलेस म्हणजे सँडपेपर.

८-१० मायक्रोफायबर बादलीत भिजवा. प्रत्येकाची चौघडी केली की आठ बाजू मिळतात. एक बाजू, एक सरळ हात, की बाजू बदला. आठ झाल्या की ते फडकं वेगळ्या पिशवीत, परत बादलीत नाही. लगेच दुसऱ्या कोरड्या टॉवेलने टिपा.

कधी करू नये : पावसात मुळशी-ताम्हिणी करून आलेल्या गाडीवर, चिखल वाळलेला असताना, आणि जवळ आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) ट्रक सांडला असेल तेव्हा. सिमेंटचे कण ओले झाले की चिकटतात. तेव्हा गाडी जेट असलेल्या जागीच न्यायची.

आणि सकाळी एक बादली, एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसणारा जो मुलगा येतो, त्याला या गाडीचे पैसे महिन्याला पूर्ण द्या, पण हात लावू देऊ नका. त्याचा दोष नाही. आधीच्या एकोणीस गाड्यांची वाळू त्याच्या फडक्यात असते. पिसांचा झटकणाही नको.

---

मायक्रॉन

रिन्सलेसबद्दल पूर्ण सहमत, एका अटीवर : दर तिसऱ्या-चौथ्या वेळी पूर्ण फोम आणि पाण्याची धुलाई. चाकांच्या आतली बाजू, दारांखालचा पत्रा आणि कडांवरचा मळ रिन्सलेसने निघत नाही.

सिरॅमिकबद्दल एक गैरसमज काढतो. सहा महिन्यांत पाणी उभं राहिनासं झालं की दुकानदार म्हणतो 'कोटिंग गेलं, परत करू'. बहुतेक वेळा कोटिंग गेलेलं नसतं, त्यावर क्षार, तेलकट धूर आणि लोखंडी कणांचा थर बसलेला असतो. तपासायची पद्धत : एका पॅनेलवर आयर्न रिमूव्हर (लोखंडी कण विरघळवणारा द्रव) ३-४ मिनिटं (सावलीत, वाळू न देता), धुवा, मग आम्लयुक्त शाम्पू, परत धुवा. पाणी पुन्हा गोळे धरू लागलं तर कोटिंग जिवंत आहे. तेवढीच सफाई सगळ्या गाडीला करा, वर सिलिका स्प्रे. एका पॅनेलला दोन फवारे, पूर्ण गाडीला ३०-४० मिली. एका फडक्याने पसरवा, दुसऱ्याने लगेच पुसा. जास्त मारलात तर पट्टे पडतात आणि ते दुसऱ्या दिवशी उन्हातच दिसतात.

आयर्न रिमूव्हर जांभळा होतो तो लोखंडाशी रासायनिक क्रियेने. वर्षातून दोनदा पुरे. सोसायटीत ग्रिलचं वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू असेल तर त्याच आठवड्यात एकदा. ठिणग्या फिल्ममध्ये आणि काचेत रुततात आणि पावसाळ्यात गंजाचे नारिंगी ठिपके दिसू लागतात.

क्ले (रुतलेले कण ओढून काढणारा मातीसारखा गोळा) पीपीएफवर नको. फिल्मचा वरचा थर मऊ असतो, क्लेने त्यावर धूसर पट्टे येतात.

---

डीए_२१

इथे मी वेगळं मत मांडतो. पीपीएफला पॉलिश करताच येत नाही असं सर्रास म्हणतात, ते खरं नाही. काळ्या मऊ फोम पॅडवर फिनिशिंग पॉलिशचे तीन-चार थेंब, मशीन १ ते ३ वेगावर, एका जागी दोनच फेरे, वर भार नाही, एवढ्याने धूसरपणा जातो.

---

मायक्रॉन

जातो. पण फिल्मचा स्वतः भरून येणारा थर काही मायक्रॉनचाच असतो आणि तो तिथल्या तिथे झिजतो. रंगावर एका फिनिशिंग फेरीत फार तर १ मायक्रॉनच्या आसपास जातो. फिल्मचा तो थर किती उरला ते मीटर सांगत नाही, कारण खाली रंग धरून सगळी बेरीज येते. शिवाय घर्षणाच्या उष्णतेने फिल्म ताणली गेली की कडा मागे सरकते. आधी ५०-६० अंशांचं गरम पाणी ओता, दहा मिनिटं द्या. बारीक ओरखड्यांचं जाळं त्यानेच जातं. त्याने गेलं नाही ते ओरखडे खोल आहेत, मशीननेही जाणार नाहीत. तो तुकडा बदलणं स्वस्त.

---

डीए_२१

गरम पाणी आधी, हे मान्य. पण पक्ष्याच्या विष्ठेचा किंवा डांबराचा डाग धूसर राहिला असेल तिथे फिनिशिंग पॅड मारेनच. मॅट फिल्मवर मात्र कधीच नाही, तिथे चमकता गोल उमटतो आणि तो कायमचा.

---

प्रभात_रोड

झाडांखाली लावणाऱ्यांसाठी. कोरेगाव पार्कात वडाखाली आणि जुन्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्षाखाली गाडी रात्रभर ठेवली की सकाळी काचेवर चिकट ठिपके दिसतात. झाडावरच्या किड्यांचा पाझर असतो तो, साखरेचाच. कोमट पाणी आणि शाम्पू पुरतो, फक्त वाळून कडक व्हायच्या आत. कावळे आणि वडावरची वटवाघळं जे सोडतात ते आम्लधर्मी. उन्हाळ्यात काही तासांत डाग खाली उतरतो. पुसायचं नाही. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, मग उचलायचं. वटवाघळाच्या घाणीत फळांच्या बिया असतात, ओढलं की रेघ.

---

बाणेरचं_बेसमेंट

बेसमेंटच्या छताला पांढरे, चुन्यासारखे ओघळ आहेत. कव्हर आहे तरी एकदा गाडीवर उतरले.

---

कोथरूडची_खडी

तो चुनाच आहे. वर पोडियमवर बाग किंवा पाण्याची टाकी असेल, वॉटरप्रूफिंग गेलं असेल, तर झिरपणारं पाणी काँक्रीटमधला मोकळा चुना विरघळवून खाली आणतं. ताजा थेंब तीव्र अल्कधर्मी असतो, पीएच १२ च्या आसपास, रंगाला भाजतो. वाळला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेट होतो, दगड. म्हणून दोन नुकसानं : आधी भाजणं, मग खरवडताना पडणारा ओरखडा. वर टीडीएस_मीटर यांनी दिलेली व्हिनेगरची पद्धत, पण टिश्यू भिजवून २-३ मिनिटं चिकटवून ठेवा. दोन-तीन वेळा करावं लागतं. बुडबुडे येतात ते चांगलं लक्षण. पूर्ण विरघळेपर्यंत बोट लावायचं नाही.

कव्हर यावर उपाय नाही. ओलं झालेलं कव्हर तोच चुना पोटिसासारखा धरून ठेवतं. गाडीच्या जागेवर उताराचा पत्रा किंवा पॉलिकार्बोनेटची पन्हळ लावून घ्या, सोसायटीच्या मीटिंगची वाट बघू नका. मीटिंगमध्ये आधी लिफ्टचा विषय निघतो.

---

आल्कांतारा_नव्हे_चामडं

आतल्या कामावर कोणी आलं नाही. आल्कांतारा आणि चामडं यांना एकच क्लीनर मारणं ही दुकानांतली सर्रास चूक.

आल्कांतारा : आधी मऊ ब्रशने कोरडी झाडणी आणि व्हॅक्यूम. मग पांढरं सुती कापड डीआय पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि एका दिशेने पुसा. रंगीत कापड नको, रंग सोडतं. रात्रभर वाळू द्या, सकाळी ब्रशने तंतू उभे करा. स्टिअरिंगवर हाताच्या तेलाने तंतू चिकटून टक्कल पडल्यासारखं दिसतं. तिथे आल्कांताराचाच क्लीनर, तोही ब्रशवर, थेट फवारायचा नाही. आत एअरबॅग आणि बटणं आहेत. कंडिशनर, सिलिकॉन, 'शायनर' काही नाही.

चामडं : न्यूट्रल क्लीनर, घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश, लगेच टिपायचं. या गाड्यांच्या चामड्यावर बहुधा रंगाचा संरक्षक थर असतो, त्यात तेल मुरत नाही, वर चिकटून धूळ धरतं. साफ केलेलं चामडं मॅट दिसायला हवं. चकाकतंय म्हणजे मळ आहे किंवा दुकानदाराने काहीतरी फासलंय.

पावसाळ्यात बंद गाडीत सीटच्या शिवणीवर पांढरी बुरशी येते. कोरड्याने झटकू नका, बीजाणू पसरतात. ओलसर फडक्याने उचला, मग क्लीनर, मग दारं उघडून पंखा. जून ते सप्टेंबर गाडीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, दर दोन आठवड्यांनी वाळवा. बंद गॅरेज असेल तर डीह्युमिडिफायर ५०-५५ टक्क्यांवर.

आतल्या ग्लॉस कार्बन पट्ट्या म्हणजे वर लॅकर. त्यांना बाहेरच्या रंगासारखं वागवा, एसीच्या जाळीतली धूळ त्यावर कोरडी पुसू नका.

---

नवा_पान्हा

टायर काळे करायला काय वापरावं? आणि चाकं काढून आतून साफ करावीत का?

---

कोथरूडची_खडी

टायर आधी १:४ ऑल-पर्पज क्लीनरने घासा, फेस पांढरा येईपर्यंत. त्यावर पाण्याधारित ड्रेसिंग स्पंजाने पातळ लावा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसा. सॉल्व्हंटवालं चकचकीत ड्रेसिंग चाक फिरलं की चाकामागच्या पत्र्यावर उडतं. ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या भागावर) थेंबही नको. साफ करताना बाजूचा चार अंकी आठवडा-वर्षाचा कोड वाचून घ्या. अशा गाड्यांचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात.

चाकं काढणं वर्षातून एकदा ठीक. जॅक फक्त मॅन्युअलमधल्या बिंदूंवर, रबरी पक घालून. आणि सेंटर-लॉक चाकं असतील तर डिटेलिंगवाल्याकडे काढूच नका. त्यांचा टॉर्क शेकडो न्यूटन-मीटरमध्ये असतो आणि नटाला ठरलेलं ग्रीस लागतं. ते वर्कशॉपचं काम. नेहमी लागते तेवढी सफाई लांब मऊ ब्रशने स्पोकच्या मागून होते.

पोर्शे ९११ वाल्यांसाठी जाता जाता : पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांत रेडिएटर असतात, तिथे पानं साठतात आणि ओली राहून कुजतात. पातळ नळीने व्हॅक्यूम, मग मंद पाणी. जेट मारलात तर रेडिएटरच्या पातळ पात्या वाकतात.

---

रिन्सलेसवाली

आणि इंजिनचं झाकण उघडलंत तर उंदराच्या लेंड्या बघा. बेसमेंटमधल्या उभ्या गाड्यांच्या वायरी हे पुण्यात उंदरांचं नेहमीचं खाणं आहे.

---

गणेशखिंड

गुलालाचं कोणी लिहिलं नाही. ढोल-पथकाच्या मागे अडकलेली गाडी घरी आली की पहिली प्रतिक्रिया पाणी मारायची होते. थांबा. कोरडा गुलाल ब्लोअरने उडवा, आधी छत, मग जाळ्या, मग दारांच्या फटी. ओला झाला की रंग सुटतो आणि मॅट फिल्मच्या खडबडीत पृष्ठभागात किंवा फिल्मच्या कडेला बसतो. पूर्ण उडाल्यावरच फोम, दोनदा. एसी रिसर्क्युलेशनवर नव्हता तर केबिन फिल्टर बदला. त्यावर कव्हर घालून 'उद्या बघू' म्हणू नका, कव्हराखाली ती पूड घासते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडच्या आसपास हुराकान काढणाऱ्याला मात्र इथे सल्ला मिळू नये.

दिवाळीतही तोच नियम : फटाक्यांची राख आधी उडवणं, मग भरपूर पाणी, मगच हात.

---

बाणेरचं_बेसमेंट

मनापासून आभार. दुकानात उभं राहून बघायचं ते आता समजलं : चाकांची बादली वेगळी, पाण्याचं मीटर, क्ले नाही, इंजिनवर जेट नाही. शेवटचा प्रश्न ब्रेकचा. धुतल्यावर पहिल्या दोन-तीन ब्रेकला आवाज आणि पकड कमी वाटते. क्लीनरमुळे असेल का?

---

डीए_२१

दोन कारणं असू शकतात. ओल्या कार्बन-सिरॅमिक डिस्कची सुरुवातीची पकड लोखंडी डिस्कपेक्षा उशिरा येते, पाण्याचा थर आणि छिद्रांतलं पाणी उडेपर्यंत. ते नेहमीचं आहे. दुसरं म्हणजे डिस्कवर टायर-ड्रेसिंग, सिलिका स्प्रे किंवा चाकाच्या कोटिंगचा फवारा गेला असेल. ते नेहमीचं नाही, आणि त्याची पकड आपोआप परत येईल असं धरू नका.

चाकाला आम्लयुक्त किंवा तीव्र अल्कधर्मी क्लीनर नको, आयर्न रिमूव्हर डिस्कवर नको. तसाही कार्बन-सिरॅमिकला लोखंडी कणांची धूळ फार पडत नाही, न्यूट्रल शाम्पू पुरतो. क्लीनर ब्रशवर घ्या, स्पोकवर लावा, आणि नंतर डिस्कवरून साधं पाणी भरपूर सोडा. ब्लोअर डिस्कच्या कडेने, पॅडच्या फटीत, प्रत्येक चाकाला मिनिटभर.

मग गाडी लगेच कव्हराखाली घालायची नाही. सोसायटीच्या बाहेर मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने ७-८ हलके, लांब ब्रेक लावा, मागे कोणी नाही बघून. पकड सारखी आली की परत. त्या फेरीत गाडीवर जी धूळ बसेल ती बसू द्या.